विचारा की! : मजले मोजू नका, क्रेनकडं बघा

या वेळची पत्रं चाळताना एक गंमत दिसली, घर बांधणाऱ्यांपेक्षा लांबनं टॉवर बघणाऱ्यांची पत्रं जास्त आलीयत. कुणाचा मुलगा मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, कुणाची मुलगी न्यूयॉर्कात, आणि इथं सांगली-साताऱ्यात आईवडील व्हॉट्सॲपवर आलेले फोटो झूम करून मजले मोजत बसलेत. म्हणून गळक्या टाक्या आणि ओल आलेल्या भिंती पुढच्या अंकावर ढकलल्या, हा अंक टॉवरवाल्यांचा. पत्रं थोडी कापलीयत, नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून फक्त गावं दिलीयत.

प्रश्न : सर, मुलगा बीकेसीत नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसच्या खिडकीसमोर चाळीस मजली ऑफिस टॉवर होणार असा बोर्ड लागला, तेव्हापासून मी त्याला दर आठवड्याला एक फोटो पाठवायला लावलाय. मी रिटायर्ड आहे, वेळ भरपूर आहे. पण वर्ष होत आलं तरी फोटोत नुसता खड्डा, खड्ड्यात पाणी, पंप आणि चार माणसं. बिल्डरचे पैसे संपले असणार असं आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं मत पडलंय. खरं काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, कट्ट्यावर सांगा की पैसे संपलेल्या साइटवर सगळ्यात आधी पंप बंद पडतो, डिझेल कोण घालणार? तुमच्या फोटोत पंप चालू आहे म्हणजे काम जोरात आहे, फक्त ते खाली चाललंय.

बीकेसी म्हणजे मूळची मिठी नदीच्या काठची दलदल, भराव टाकून केलेली जमीन. तिथं थोडं खणलं की पाणी लागतं, आणि यांना तर पार्किंगसाठी तीन-चार तळघरं पाहिजेत, म्हणजे बारा-पंधरा मीटर खाली जायचंय. शेजारचा रस्ता, त्याखालच्या पाइपलाइनी, तुमच्या मुलाचं ऑफिस, यातलं काही खड्ड्यात सरकता कामा नये. म्हणून आधी चारी बाजूनं जमिनीत पाइल, म्हणजे खोल गाडलेले काँक्रीटचे खांब, नाहीतर काँक्रीटची भिंत उतरवतात, मग थोडं खणायचं, त्या भिंतीला तिरक्या तारांनी मागच्या खडकात अँकर करायचं, मग आणखी थोडं खणायचं, परत अँकर. खाली खडक लागला की सुरुंग लावायची सोय नाही, भर वस्ती आहे, ब्रेकर लावून फोडत बसायचं. आणि मध्ये मुंबईचा पावसाळा येतो तो वेगळाच.

पंपाची अजून एक भानगड आहे जी सहसा कुणाला माहीत नसते. तळघराची पेटी तयार झाली आणि भोवतीचं पाणी वर आलं की ते पाणी अख्ख्या पेटीला खालनं उचलायला बघतं. एवढं काँक्रीट तरंगेल असं वाटत नाही, पण आतली पोकळी केवढी मोठी असते बघा की. त्यामुळं वर पुरेसे मजले चढून वजन येईपर्यंत पंप बंद करता येत नाही. म्हणजे काही मजले दिसायला लागल्यावरही पंप चालूच दिसला तर कट्ट्यानं लगेच गळतीचा निष्कर्ष काढू नये.

आता मुलाला एक काम सांगा. खड्ड्याच्या तळाला सळ्यांची दाट जाळी अंथरलेली दिसली की राफ्ट, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगखालची पायाची जाड सलग लादी, भरायची वेळ जवळ आली असं समजा, आणि ती रात्र चुकवू नको म्हणावं. दोन-तीन मीटर जाडीचं काँक्रीट मध्ये न थांबता ओततात, काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सर गाड्यांची रांग रात्रभर तुटत नाही. चुन्याच्या कळीवर पाणी टाकल्यावर ती कशी तापते ते जुन्या माणसांनी बघितलंय, सिमेंटचंही तसंच, पाणी लागलं की उष्णता सुटते, आणि एवढ्या जाड थरात ती आतच कोंडते. पोट सत्तर अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि पोट-पाठीत वीसेक अंशांपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, नाहीतर तडे. त्यासाठी सिमेंट कमी करून फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घालतात, पाण्याऐवजी बर्फ टाकतात, आणि भरून झाल्यावर वरनं चक्क थर्माकोल झाकतात. गरम होतंय तर गार करायचं सोडून झाकताय काय असं वाटतं, पण पाठ पटकन गार झाली की फरक वाढतो, म्हणून पाठीलाही उबेत ठेवायचं.

दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर, तो उभा आहे ३.७ मीटर जाड राफ्टवर, आणि राफ्टखाली दीड मीटर व्यासाचे १९२ पाइल. काम सुरू झालं २००४ च्या जानेवारीत, उद्घाटन ४ जानेवारी २०१०. बघायला येणारा माणूस टोक बघतो. खालचं हे काम नीट झालं नाही तर काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोत बघायला मिळतं. तिथला मिलेनियम टॉवर ५८ मजली, २००९ ला सुरू झाला. त्याचे पाइल खडकापर्यंत नेलेच नव्हते, वरच्या थरात वाळूतच थांबवले होते. २०१६ मध्ये बातमी फुटली की बिल्डिंग सोळा इंच खचलीय आणि एका बाजूला कललीय सुद्धा. नंतर बाजूनं नवे पाइल पार खडकापर्यंत नेऊन, बिल्डिंगचा काही भार त्यांच्यावर घेऊन ती सावरली, ते काम २०२३ पर्यंत चाललं. आणि त्याच्या शेजारीच ३२६ मीटरचा सेल्सफोर्स टॉवर उभा आहे, त्याच मातीत, पण त्याचा पाया खडकात आहे. तेव्हा खड्ड्यात वर्ष गेलं तर जाऊ दे.

प्रश्न : आमच्या जावयांच्या पुण्यातल्या ऑफिससमोर टॉवर चाललाय. मधला एक जाड, बिनखिडक्यांचा खांब आठ-दहा मजले पुढं निघून गेलाय आणि बाजूचे स्लॅब मागनं येतायत. ती चिमणी आहे का? आणि दुसरं, ते म्हणतात आठवड्याला एक मजला होतो. आमच्या बंगल्याच्या एका स्लॅबचे टेकू मुकादमानं पंधरा दिवस काढू दिले नव्हते, मग यांचं एवढं लवकर कसं जमतं? घाई करतायत का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, चिमणी नाही, तो कोअर. लिफ्ट, जिने, वायरी आणि पाइपांच्या शाफ्ट, सगळं त्याच्या पोटात. वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा जोर बहुतेक टॉवरमध्ये मुख्यतः हाच घेतो. तो पुढं पळतो कारण त्याचं शटरिंग स्वतःच वर चढणारं असतं, खालच्या भिंतीला धरून हायड्रॉलिक जॅकवर अख्खा साचा, वरच्या माणसांसकट, एक मजला उचलला जातो. सेंट्रिंगवाले फळ्या खोलतायत, खाली टाकतायत, परत वर चढवतायत हा आपला ओळखीचा प्रकार तिथं नाहीच.

आता तुमचा मुकादम. त्याला माझा नमस्कार सांगा, असे मुकादम राहिलेत कुठं. बांधकामाच्या नियमांच्या कोडात लिहिलंय तेच त्यानं केलं : साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याचे चौदा, बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि पुढं एकवीस. टॉवरवाले हा नियम मोडत नाहीत, ते वेगळा माल वापरतात. काँक्रीटची ताकद एमच्या आकड्यात सांगतात, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त. तुमच्या बंगल्याला एम २० किंवा एम २५ असेल, तिथं एम ५०, एम ६० असतं, त्याची तीन-चार दिवसांचीच ताकद तुमच्या स्लॅबच्या महिन्याभराच्या ताकदीला गाठते, आणि अंदाजपंचे नाही तर त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, फोडून बघितल्याशिवाय पुढं जात नाहीत. शिवाय स्लॅबमध्ये पोलादी केबल घातलेल्या असतात, त्या तीन-चार दिवसांनी जॅकनं ताणल्या की स्लॅब बराचसा स्वतःचं वजन स्वतः पेलायला लागतो. आणि टेकू एकदम सगळे काढत नाहीत. फोटो झूम करा, नव्या स्लॅबच्या खालच्या दोन-तीन मजल्यांवर प्रॉप, म्हणजे टेकूच, उभे दिसतील, वरच्या ओल्या स्लॅबचं ओझं ते वाटून घेतात. त्या मजल्यांवर प्रॉप दिसलेच नाहीत तर मात्र मला पण काळजी वाटेल.

विषय निघालाच आहे तर बोलून घेतो. आपल्याकडं स्लॅब भरला की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि तिसऱ्या दिवशी पाणी मारणारा माणूस गायब. घरांना बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट असतं, त्याला किमान दहा दिवस ओल पाहिजे, चौदा दिली तर उत्तम. एप्रिलच्या सांगलीच्या उन्हात सकाळी एक बादली फिरवून क्युरिंग होत नाही, वाफे करून पाणी साठवा, उभ्या कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. टॉवरवाल्यांचा वेग सगळ्यांना दिसतो, त्यांची वही कुणी बघत नाही, कुठला कॉलम कधी भरला, किती वाजता, क्यूब किती आला, सगळं लिहिलेलं असतं. आठवड्याचा मजला त्या वहीतनं निघतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. पप्पांबरोबर मुंबईला गेलो तेव्हा एका टॉवरवर पिवळी क्रेन बघितली. ती एवढ्या वर कोणी नेली? आणि बिल्डिंग झाल्यावर ती खाली कशी आणतात? तिच्यापेक्षा मोठी क्रेन लागत असेल ना? मग ती मोठी क्रेन कशी आणतात?
— एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : शाब्बास रे! या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

क्रेनला कोणी वर नेत नाही, ती स्वतः वाढते. तिचा तो जाळीचा खांब असतो ना, तो तुकड्यातुकड्यांचा असतो, त्याला मास्ट म्हणतात. खांबाभोवती एक पिंजरा असतो, त्यातला जॅक क्रेनचं वरचं सगळं धूड, केबिन, आडवा हात, मागची वजनं, हे अलगद वर ढकलतो आणि मध्ये एका तुकड्याएवढी जागा मोकळी होते. क्रेननं आधीच नवा तुकडा हुकाला उचलून धरलेला असतो, तो त्या जागेत सरकवायचा, बोल्ट आवळायचे, झाली क्रेन एक तुकडा उंच. हे करताना वारा नको, आणि आडव्या हाताचा पुढचा-मागचा तोल काट्यावर असावा लागतो, त्यामुळं त्या वेळी साइटवर कोणी फालतू बडबड करत नाही. खांब फार उंच झाला की एकटा डुलायला लागतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला बिल्डिंगला पट्ट्यांनी बांधतात. पुढच्या वेळी त्या पट्ट्या शोध, दिसतील.

दुसरी जात म्हणजे कोअरच्या पोटात बसणारी क्रेन. तिचा खांब तेवढाच राहतो, बिल्डिंग वर गेली की ती काही मजले स्वतःला वर उचलून घेते आणि नव्या जागी बसते. हिला उतरवताना खरी मजा येते. बाहेरची क्रेन जशी चढली तशीच एकेक तुकडा काढत खाली येते, पण ही तर माथ्यावर, खाली तयार बिल्डिंग, जायला वाटच नाही! मग तू म्हणतोस तशी मोठी क्रेन आणत नाहीत, उलटं करतात. मोठ्या क्रेननं एक छोटी क्रेन गच्चीवर उचलून घ्यायची. छोटीनं मोठीचे तुकडे करून खाली सोडायचे. मग छोटीला उतरवायला अजून छोटी. शेवटची एवढीशी राहते की माणसं तिचे भाग हातानं सुटे करतात आणि लिफ्टनं खाली नेतात.

अजून एक सांगतो, वर्गात सांग. वारा ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास गेला की क्रेनचं काम बंद ठेवतात. आणि बंद करताना ब्रेक लावून घट्ट धरत नाहीत, आडवा हात मोकळा सोडतात, वारा जिकडं नेईल तिकडं तो फिरेल. वादळात क्रेन गोल फिरतेय असा व्हिडिओ कधी आला आणि खाली लोक घाबरून ओरडत असले तर त्यांना सांग, ती सुटलेली नाही, मुद्दाम सोडलीय, धरून ठेवली असती तर वाऱ्यानं पाडली असती.

ऑपरेटर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळी वर जातो. परत परत खाली येणं परवडत नाही. जिथं माल टाकायचा ती जागा त्याला पुष्कळदा दिसतच नाही, खालचा सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगेल त्यावर हात चालतो. तुला मोठेपणी काय व्हायचं ते अजून ठरलं नसेल तर हे पण यादीत ठेव.

प्रश्न : आमची मुलगी न्यूयॉर्कला असते, तिच्या रोजच्या वाटेवर पार्क ॲव्हेन्यूवर जेपी मॉर्गन बँकेचं नवं हेडऑफिस झालं. आधीची बिल्डिंग पाडण्यापासून तिनं आम्हाला फोटो पाठवलेत, आमच्याकडं अल्बमच झालाय. माझ्या शंका तीन. एवढी उंच बिल्डिंग गर्दीत पाडली कशी? नवीच्या पायथ्याशी पंख्यासारखे तिरके खांब का, सरळ का नाहीत? आणि जुनी ५२ मजली होती, नवी ६० मजली, म्हणजे आठच मजले जास्त, तरी फोटोत दुप्पट उंच का दिसते?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : काका, तुमच्याकडं इतिहास जमा झालाय, तो अल्बम जपून ठेवा. पाडलेली बिल्डिंग साधी नव्हती. १९६० ची, मूळची युनियन कार्बाइडची, २१६ मीटर. मालकानं स्वतःहून पाडलेली तोपर्यंतची जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग ती. स्फोट करून पाडायचा प्रश्नच नव्हता, तिला जाळ्या-परांच्यांमध्ये गुंडाळून वरनं एकेक मजला कापत कापत २०२१ पर्यंत खाली आणली. म्हणजे बांधताना जे केलं तेच उलट्या क्रमानं. त्यातला ९७ टक्के माल परत कुठंतरी वापरला किंवा रिसायकल केला असं कंपनी सांगते. आपल्याकडं वाडा पाडताना दारं, चौकटी, सागवानी तुळया आधी विकल्या जातात, ढिगारा मागनं, तेव्हा ही कल्पना आपल्याला समजावून सांगायला नको.

तिरक्या खांबांचं कारण जमिनीखाली आहे. ग्रँड सेंट्रल स्टेशन, १९१३ चं, तिथनं जवळ. त्या स्टेशनात जाणारे रेल्वेचे रूळ पार्क ॲव्हेन्यूच्या आणि आजूबाजूच्या प्लॉटांच्या खालनं जातात, दोन थरांत. वर माणसं ऑफिसला चाललीत आणि खाली गाड्या. बांधकाम चालू असताना गाड्या बंद करायच्या नाहीत, म्हणजे पाय टेकवायला रुळांच्या मधल्या बेचक्यातल्या थोड्याच जागा. वरचे खांब मनासारखे खाली आणता येत नाहीत, म्हणून वरचा भार तिरका गोळा करून त्या मोजक्या जागांवर उतरवलाय. त्यातनं पायथ्याशी २४ मीटरच्या आसपास उंचीची मोकळी जागा पण मिळाली. चांगलं दिसतं म्हणून केलंय असं जाहिरातीत वाटेल, पण मूळ अडचण रुळांची.

आणि उंची. नवी बिल्डिंग ४२३ मीटर. भागून बघा, जुन्या इमारतीत मजल्यामागं चार मीटरच्या थोडं वर पडतात, नवीत सात. म्हणजे प्रत्येक मजला सात मीटर आहे असं नाही, पण बँकेचे ट्रेडिंगचे हॉल उंच असतात, फॉल्स सीलिंगच्या वर एसीचे डक्ट, खाली फ्लोअरमध्ये वायरी, मधूनमधून नुसत्या मशिनरीचे दुप्पट-तिप्पट उंच मजले, आणि वर मुकुट. म्हणून सगळ्यांनाच सांगतोय मजले मोजू नका. साठ मजली म्हणजे किती उंच, हे त्या आकड्यातनं कळतच नाही.

या टॉवरची टोकाची तुळई बसली २०२३ च्या नोव्हेंबरात, आणि उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात. मधली दोन वर्षं कुठं गेली त्याचं उत्तर शेवटच्या पत्रात. जाता जाता, त्याच शहरातली एम्पायर स्टेट बिल्डिंग, १०२ मजले, १७ मार्च १९३० ला काम सुरू आणि १ मे १९३१ ला उद्घाटन. आठवड्याला सरासरी साडेचार मजल्यांचा सांगाडा. पिट्सबर्गहून पोलाद नंबर टाकूनच यायचं, कुठला तुकडा कुठं ते ठरलेलं, मजल्या-मजल्यावर रूळ टाकून ट्रॉल्या, जेवणासाठी कुणी खाली उतरू नये म्हणून वरच कँटीन. आणि मंदीमुळं हाताला काम नसलेली तरबेज माणसं हजारोंनी हजर. हे वाचून आजच्या इंजिनीयरांना नावं ठेवू नका, तेव्हाचे रिव्हेटवाले बिनपट्ट्याचे तुळईवर चालायचे, तो वेग आज नकोच आहे कुणाला.

प्रश्न : भाऊ हैदराबादला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात आहे, त्यानं अठराव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. वारा सुटला की बिल्डिंग हलते म्हणतो. आणि कोयनेसारखा भूकंप झाला तर? विकू का म्हणून विचारतोय.
— एक वाचक, विटा

उत्तर : नका विकू. हलते हे बरोबर आहे, हललीच पाहिजे, कडक ठेवायची तर काँक्रीट परवडणार नाही आणि तडे जातील ते वेगळंच. एका हेलकाव्याला किती वेळ लागतो याचा ढोबळ हिशोब म्हणजे मजल्यांना दहानं भागा, तेवढे सेकंद. भावाची बिल्डिंग दोनेक सेकंदांत एक हेलकावा घेत असेल, आणि त्याला जे जाणवतंय ते बहुतेक खूप थोडं असणार. तैपेईच्या ५०८ मीटरच्या टॉवरमध्ये हेलकावे कमी करायला ६६० टनांचा गोळा टांगलाय, लोक तिकीट काढून बघायला जातात.

भूकंपात उंच बिल्डिंग आधी पडते हा समज काढून टाका. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पडली ती मुख्यतः दगड-मातीची बसकी घरं. आणि १९८५ ला मेक्सिको सिटीत उलटंच दिसलं, अगदी बुटक्या आणि खूप उंच बिल्डिंगा बऱ्याच वाचल्या, मधल्या सहा ते पंधरा मजली जास्त कोसळल्या, कारण ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर आहे आणि त्या गाळाचा हेलकावा दोनेक सेकंदांचा, त्याच तालावर हलणाऱ्या बिल्डिंगा झोक्यासारख्या वाढत गेल्या. म्हणजे मजल्याइतकंच खालच्या जमिनीला महत्त्व. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलंय. भावाला सांगा, वाऱ्याची चिंता सोड, सोसायटीत पंप, फायर लाइन आणि जिन्याची दारं चालू आहेत का ते बघ. तिथं बहुतेक ठिकाणी बोंब असते.

प्रश्न : आपल्या सांगलीत असा तीस-चाळीस मजली ऑफिस टॉवर कधी होणार? की काळ्या मातीमुळं होऊच शकत नाही?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : काळी माती बिचारी उगाच बदनाम आहे. ती फुगते-आकसते म्हणून तिच्यावर पाया ठेवत नाहीत एवढंच, तिला भेदून खाली मुरूम-खडकात पाइल नेता येतात. गावभागातनं प्रश्न आलाय म्हणून पाण्याचं बोलू. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, तुमच्या घरात कितव्या पायरीपर्यंत होतं ते तुम्हीच मला सांगाल. टॉवरचं ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पंप, पाण्याच्या टाक्या सगळं सहसा तळघरात असतं. पुरात वरचे तीस मजले कोरडे राहतील, पण लिफ्ट बंद, पाणी बंद, वर अडकलेली माणसं बोटीवाल्यांना हाका मारतायत. विश्रामबागकडं उंचावर बांधून, मशिनरी वर नेऊन हे सोडवता येतं. इंजिनीयरिंगला उत्तर आहे.

पण खरी अडचण इंजिनीयरिंगची नाहीच, ती आहे लिफ्टची, हसू नका. जागेचा भाव चढला की माणूस वर जातो, हे सगळ्यांना कळतं. पण वर जाल तितकी लिफ्ट जास्त लागतात, आणि प्रत्येक लिफ्टची शाफ्ट खालच्या प्रत्येक मजल्याची जागा खाते. अमुक उंचीनंतर नवा मजला बांधून जेवढी जागा मिळते त्यातली बरीच लिफ्टच घेऊन जाते. म्हणून न्यूयॉर्कच्या जुन्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ४४ आणि ७८ व्या मजल्यावर लिफ्ट बदलायचे थांबे केले होते, जलद एसटीनं यायचं आणि तिथनं लोकल गाडी धरायची तसं. त्यात १५ मीटरच्या वर गेलं की फायरचे हायराइजचे नियम, २४ मीटरच्या वर आगीत थांबायला मोकळा रेफ्यूज एरिया. हा सगळा खर्च भाड्यातनं निघाला पाहिजे. मुंबईत निघतो. इथं हळदीच्या पेढीवाल्याला आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्याला गोदामाशेजारी जमिनीवरचं ऑफिस पाहिजे, तो तिसाव्या मजल्यावर जाऊन काय करणार? एम्पायर स्टेट एवढी गाजलेली, तिचे सुद्धा मजले कितीतरी वर्षं भाड्याविना पडून होते. माझं मत विचाराल तर सांगलीला तीस मजले नकोयत, दहा मजल्यांच्या आत राहून नाले मोकळे ठेवलेले पाहिजेत. तुम्हाला पटणार नाही, पत्र लिहा.

प्रश्न : स्लॅब संपले, वर झेंडा लागला, पेढे वाटल्याचा फोटो पण आला. तरी ऑफिस सुरू व्हायला अजून दीड-दोन वर्षं म्हणतात. आता काय राहिलं? आणि सगळीकडं काचा लागल्या तरी मधली एक उभी पट्टी तशीच उघडी आहे, काचा कमी पडल्या का?
— एक वाचक, कराड

उत्तर : स्लॅब म्हणजे सांगाडा. लिफ्ट, एसी, स्प्रिंकलर, केबल, प्लंबिंग, आणि मग प्रत्येक यंत्रणा एकेक करून चालवून बघणं, शेवटी फायरची एनओसी आणि भोगवटा प्रमाणपत्र. फोटोत यातलं काही दिसत नाही म्हणून बघणारा कंटाळतो. काचा साधारण खालनं वर येतात, कारखान्यात फ्रेमसकट तयार केलेले पॅनल मजल्याच्या कडेच्या ब्रॅकेटला अडकवत जातात, म्हणून वर स्लॅब चालू असतानाच खाली काच दिसायला लागते.

उघड्या पट्टीत बाहेरनं जाणारी माणसं-मालाची तात्पुरती लिफ्ट आहे, होइस्ट. नीट बघा, जाळीचा पिंजरा वरखाली जाताना दिसेल. आतली कायमची लिफ्ट चालू होऊन कामाला मिळेपर्यंत होइस्ट काढता येत नाही, आणि तो निघाल्याशिवाय तिथं काच लावता येत नाही. ज्या फोटोत ती पट्टी बंद झालेली दिसेल तिथनं पुढं काही महिन्यांचा हिशोब धरा. तोवर बिल्डर कुठलीही तारीख सांगू दे, पट्टी उघडी असेल तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.